कैफियत उशिरा आली तर

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात सुपे गावचा बाजार भरला होता. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या कुणब्यांनी त्या दिवशी सावकारांची दुकाने आणि घरे गाठली. त्यांचा मुख्य रोख धान्यावर किंवा दागिन्यांवर नव्हता. त्यांनी मागितली ती खते, रोखे आणि हिशेबाच्या चोपड्या. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. पुढच्या काही आठवड्यांत हेच लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरले. इतिहासात या घटनांना ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

या दंग्यांची कारणे आपण शाळेत शिकलो आहोत. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, सरकारने सारा वाढवला आणि सावकाराच्या व्याजाला धरबंद राहिला नाही. हे सारे खरेच आहे. पण एक कारण पाठ्यपुस्तकात फारसे येत नाही, कारण ते कोर्टाच्या दप्तरात दडलेले आहे. कुणब्याला कर्जाची सवय होती, सावकार त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा होता. नवीन होता तो हुकूमनामा. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये सावकारांवर पहिला बहिष्कार पडला. त्यामागे देशमुखांविरुद्ध मिळवलेला असाच एक हुकूमनामा आणि त्याच्या जोरावर पाडायला घेतलेले घर होते.

हे हुकूमनामे मिळत कसे? दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा सावकारांचे बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघत असल्याचे समोर आले. सावकार दावा लावी, कोर्ट समन्स काढी, ठरल्या तारखेला प्रतिवादी गैरहजर राही. मुन्सफ खत बघे, अंगठा किंवा नांगराची निशाणी बघे आणि दावा मंजूर करी. प्रतिवादीची बाजू कागदावर नसायचीच. ती का नसायची, हे विचारण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकलेली नव्हती.

कुणबी कोर्टात का येत नव्हता याची कारणे मात्र गावात सगळ्यांना ठाऊक होती. कोर्ट लांब. जायचे तर दोन-तीन दिवसांची मजुरी किंवा ऐन पेरणीतला दिवस जाणार. वकील द्यायचा तर पैसे कोणाकडून घ्यायचे? पुन्हा त्याच सावकाराकडून. कधी सावकार सांगे, ‘तू येऊ नकोस, आपण गावात मिटवू,’ आणि तारखेला स्वतः हजर राही. कधी समन्स पोचलेलेच नसे. बेलीफाने बजावल्याचा शेरा मारून कागद परत केलेला असे. आणि कधी कुणब्याला वाटे, अंगठा तर आपलाच आहे, आता कोर्टात जाऊन बोलायचे काय?

गप्प बसलेल्या प्रतिवादीचे करायचे काय, हा न्यायव्यवस्थेपुढचा फार जुना प्रश्न आहे. उत्तर द्यायला त्याला किती दिवस द्यायचे? ते उलटून गेल्यावर तो आला तर त्याचे ऐकायचे की दार लावून घ्यायचे? आज आपल्या तालुका कोर्टात रोज ‘विना कैफियत आदेश रद्द करून कैफियत दाखल करून घेण्याबाबत’ अशा मथळ्याचे अर्ज पडतात. त्या अर्जाचा खानदानी इतिहास मोठा आहे.

आधी शब्दाकडे बघू. ‘कैफियत’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मुळात ‘कैफ’ म्हणजे ‘कसे’. जे घडले ते कसे घडले, याचा वृत्तांत म्हणजे कैफियत. म्हणूनच मराठीत घराण्यांच्या, गावांच्या, देवस्थानांच्या इतिहासालाही कैफियत म्हणतात. दावा, वकील, अर्ज, मुदत, तारीख, हजर, गैरहजर, हुकूम हे सारे त्याच वाटेने आले. मराठी माणूस कोर्टाची पायरी चढतो तेव्हा निम्मी अरबी-फारसी बोलत असतो, आणि भाषाशुद्धीची चळवळ करणाऱ्यांनाही तारीख घ्यावीच लागते.

कौटिल्यापासून काजीपर्यंत

कौटिल्याने हा हिशेब अगदी आकड्यांत मांडला आहे. प्रतिवादीने उत्तर दिल्यावर वादीने आपले प्रत्युत्तर त्याच दिवशी द्यावे, नाहीतर तो हरला. कारण वादी तयारी करूनच आलेला असतो. कधी, कुठे, काय मांडायचे हे त्याने ठरवलेले असते. प्रतिवादीचे तसे नसते, म्हणून त्याला तीन किंवा सात रात्रींची सवलत. त्यानंतर तीन ते बारा पण दंड. तीन पक्ष, म्हणजे ४५ दिवस, उलटले तरी उत्तर नाही, तर तो हरला आणि त्याच्या मालमत्तेतून वादीचे देणे द्यावे. मात्र त्याच्या उपजीविकेच्या साधनांना हात लावायचा नाही. आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे जप्तीतून वगळते, तेव्हा तोच विचार पुन्हा भेटतो.

गौतमाच्या धर्मसूत्रात उत्तर सुचत नसलेल्या माणसासाठी वर्षभर थांबण्याची मुभा आहे. याज्ञवल्क्याने मध्यम मार्ग काढला. मारहाण, चोरी, जिवावरचा प्रसंग, स्त्रीविषयीचा आरोप अशा बाबतींत उत्तर तत्काळ घ्यावे. बाकीच्या वादांत वेळ देणे न देणे सभेच्या मर्जीवर. त्यावर ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या शेजारचाच. त्याने खटल्याचे चार पाद सांगितले, त्यात दुसरा पाद ‘उत्तर’. एक पाय नसला की खटला लंगडा, असे त्या मांडणीतच अभिप्रेत आहे.

इस्लामी न्यायशास्त्रात याच प्रश्नावर मोठी चर्चा झाली. बसऱ्याचे काजी अबू मूसा अशअरी यांना हजरत उमर यांनी लिहिलेले म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे. ते तंतोतंत त्यांचेच आहे का, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण शतकानुशतके काजी ते प्रमाण मानत आले. त्यात एक सूचना अशी की, ज्याचा पुरावा त्या क्षणी हाताशी नाही त्याला मुदत ठरवून द्यावी. त्या मुदतीत त्याने पुरावा आणला तर त्याचा हक्क त्याला मिळावा, न आणला तर त्याच्याविरुद्ध निकाल द्यावा. मुदत द्यायची, पण ती मोकाट ठेवायची नाही, असा त्याचा अर्थ.

आणि प्रतिवादी आलाच नाही तर? इथे हनफी आणि शाफई यांचे रस्ते वेगळे होतात. हनफी फकीह साधारणपणे गैरहजर माणसाविरुद्ध निकाल द्यायला तयार नसतात. त्याच्या वतीने कोणीतरी उभा असला पाहिजे. शाफईंच्या मते पुरावा असेल आणि वादी शपथ घेत असेल तर निकाल देता येतो. गंमत अशी की, महाराष्ट्रात हे दोन्ही पंथ शेजारी नांदतात. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई. घाट उतरला की गैरहजर माणसाविषयीचे मत बदलते! अर्थात आज दोघांनाही लागू आहे ती १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता.

आदिलशाही आणि पुढे मराठेशाहीतल्या वतनाच्या तंट्यांत पद्धत निराळी होती. हाजिर मजलिस भरे. तिच्यात देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार बसत. अनेक महजरांवर काजीचा शिक्काही सापडतो. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९५३) या कागदांचा बारकाईने अभ्यास केला आहे. दोन्ही पक्ष आपापल्या तकरिरी लिहून देत, जामीन देत, आणि निकाल लागल्यावर हरलेल्या पक्षाकडून ‘यजितखत’ लिहून घेतले जाई. म्हणजे आपला दावा खोटा ठरला, हे त्याने स्वतः लिहून द्यायचे. जिथे हरणाऱ्याची सही लागते, तिथे त्याला न ऐकता तंटा संपवणे अवघड असते.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतींचे कौतुक केले, पण त्या किती रेंगाळत हेही लिहून ठेवले. पंचांना मेहनताना नाही, हजेरीची सक्ती नाही, मुदतीचा ठिकाणा नाही. बलवान प्रतिवादी वर्षानुवर्षे टाळत राही आणि दुबळा वादी थकून जाई. कंपनी सरकारच्या कायद्यांनी आणि मग १८५९ च्या पहिल्या दिवाणी प्रक्रिया संहितेने या ढिलाईला तारीख, समन्स आणि हुकूमनामा यांची शिस्त लावली. शिस्त आली, पण सही करणारा हरलेला माणूस त्या चित्रातून गेला. त्याच्या गैरहजेरीतच आता निकाल पुरा होऊ लागला. सुप्याच्या बाजारात पेटलेल्या कागदांमागे हे मोठे स्थित्यंतर आहे.

१८७९ चा धडा

दंग्यांनंतर चार वर्षांनी सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्यात आधी घेतले. या कायद्याची आठवण सहसा कर्जमाफीच्या किंवा व्याजाच्या चर्चेत निघते. मला त्यातला सगळ्यात धाडसी भाग वाटतो तो प्रतिवादीच्या मौनाविषयीचा.

कायद्याने सांगितले की, अशा दाव्यात कोर्टाने प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून त्याची जबानी घ्यावी. घेतली नाही तर का नाही, ते लेखी नोंदवावे. खत समोर आहे म्हणून भागणार नाही. व्यवहार मुळात कधी, किती रुपयांपासून सुरू झाला, तिथपासूनचा इतिहास कोर्टाने तपासावा. शेतकरी ‘देणे कबूल’ म्हणाला तरी त्याने ती कबुली आपले हक्क पुरते समजून दिली आहे का, याची खात्री करावी. आज हे वाचताना आश्चर्य वाटते. वसाहतीचे सरकार, साम्राज्याचा कायदा, आणि त्यात न्यायाधीशाला आज्ञा अशी की गप्प बसलेल्या माणसाला बोलते कर.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. मुन्सफांचे निवाडे तपासणे हा त्या कामाचा भाग होता. कायदा यशस्वी झाला का? पूर्ण नाही. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखते करून घ्यायला सुरुवात केली आणि जमीन त्या वाटेने गेली. पण एकतर्फी हुकूमनाम्याचा कारखाना बंद करायचा तर प्रतिवादी गप्प का, हे कोर्टाने विचारले पाहिजे, ही गोष्ट त्या कायद्याने लिहून ठेवली. पुढच्या सर्वसाधारण दिवाणी कायद्यात ती याच शब्दांत उतरली नाही. तिथे ती आली ‘सबळ कारण’ या दोन शब्दांतून.

तीस, नव्वद आणि त्यापुढे

१९०८ च्या संहितेत आदेश ८ नियम १ मुळात सैल होता. प्रतिवादीने पहिल्या सुनावणीला, त्याआधी किंवा कोर्ट देईल त्या मुदतीत कैफियत द्यावी, एवढेच. कोर्ट देईल ती मुदत म्हणजे कोर्ट देत राहील ती मुदत, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला. वाटणीच्या दाव्यात भाऊ कैफियत देत नाहीत, तीन-चार वर्षे निघून जातात, तोवर मधल्या जमिनीचा तुकडा विकलेला असतो, हे चित्र आपल्या प्रत्येक तालुक्यात दिसते. मुसलमान घरांत तर ते जास्तच. बहिणीचा हिस्सा शरियतने ठरवून दिलेला आहे, त्यावर वाद घालायला जागा नाही, म्हणून वाद न घालता नुसता वेळ काढला जातो. हक्कसोडपत्रावर सही करत नाही म्हणून माहेर तुटलेली बाई दावा लावते, आणि समोरून वर्षभर एकच उत्तर येते: ‘कैफियतीसाठी मुदत मिळावी.’

म्हणून १९९९ मध्ये संसदेने मुदत ३० दिवसांवर आणली. वकिलांनी देशभर विरोध केला, ती दुरुस्ती लगेच अमलात आली नाही. २००२ मध्ये दुसरी दुरुस्ती झाली. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, आणि कारण नोंदवून कोर्टाला वाढवता येईल ती मुदत एकूण ९० दिवसांपर्यंत. हे १ जुलै २००२ पासून लागू झाले.

मग नव्याण्णवाव्या दिवशी आलेल्या माणसाचे काय? काही कोर्टांनी दार लावले. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला तो उत्तर प्रदेशातल्या विधान परिषदेच्या एका निवडणूक याचिकेतून. ‘कैलाश विरुद्ध नन्हकू’ या निकालात (एप्रिल २००५) सरन्यायाधीश लाहोटी यांच्या पीठाने सांगितले की, हा नियम प्रतिवादीला शिस्त लावण्यासाठी आहे, कोर्टाचे हात बांधण्यासाठी नाही. ९० दिवसांनंतर काय व्हावे हे नियमाने सांगितलेले नाही. म्हणून अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारण देऊन, गरज पडली तर प्रतिज्ञापत्र आणि कागद मागून, खर्चाचा भुर्दंड बसवून मुदत वाढवता येईल. मागितली की मिळाली, असे मात्र व्हायचे नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणातही न्यायालयाने हीच भूमिका घेतली.

या विचाराचे मूळ पन्नास वर्षे मागे जाते, आणि ते आपल्या नागपूरशी जोडलेले आहे. १९५५ मध्ये ‘संग्रामसिंह विरुद्ध निवडणूक न्यायाधिकरण, कोटा’ या प्रकरणात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयात होते. एका तारखेला न आलेला पक्षकार पुढच्या तारखेला आला तर त्याला दाराबाहेर ठेवता येईल का, असा प्रश्न होता. त्यांचे म्हणणे असे की, प्रक्रियेचे नियम लोकांना शिक्षा करण्यासाठी नसतात, त्यांचे काम न्याय सुकर करणे आहे. माणसाला न ऐकता त्याच्या मालमत्तेचा निकाल लागू नये, हे त्या नियमांचे मूळ आहे.

त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘मोहम्मद युसूफ विरुद्ध फैज मोहम्मद’ (२००९) या प्रकरणात जवळपास तीन वर्षांनी आलेली कैफियत उच्च न्यायालयाने स्वीकारायला लावली होती; सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. दार उघडे आहे याचा अर्थ ते सताड उघडे आहे असा नाही, हे सांगायला असे निकाल लागतात. वादीही माणूसच असतो आणि थांबून राहणे हीही एक शिक्षा असते.

संसदेने या साऱ्यातून एक धडा घेतला. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्यात तिने पळवाट ठेवली नाही. वाणिज्यिक दाव्यात १२० दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच संपतो आणि कोर्टालाही ती घेता येत नाही, असे स्पष्ट लिहिले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स’ प्रकरणात ते जसेच्या तसे मान्य केले. ग्राहक तक्रारींत तर मुदत आणखी कमी: ३० अधिक १५. मार्च २०२० मध्ये ‘हिली कोल्ड स्टोरेज’ प्रकरणात घटनापीठाने ४५ व्या दिवसानंतर ग्राहक आयोगाला एक दिवसही देता येणार नाही, असे ठरवले. कौटिल्याचे तीन पक्ष आणि ग्राहक कायद्याचे ४५ दिवस यांचा आकडा जुळतो तो योगायोगच. पण कौटिल्याने दंडाची पायरी मध्ये ठेवली होती, आम्ही तीही काढली.

मोठ्या कंपन्यांच्या भांडणाला कडक मुदत योग्यच आहे. त्यांच्याकडे वकिलांची फौज असते, उशीर हा त्यांच्यासाठी बहुतेक वेळा डावपेच असतो. अडचण अशी की, २०१८ मध्ये वाणिज्यिक दाव्याची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आणली गेली. तीन लाख म्हणजे काय, ते भिवंडी किंवा मालेगावच्या यंत्रमागवाल्याला विचारा. सुताच्या दोन-चार फेऱ्यांच्या उधारीचा आकडा आहे तो. अशा माणसाविरुद्ध सुताच्या व्यापाऱ्याने दावा लावला, समन्स कारखान्यातल्या पोराने सही करून घेतले आणि गल्ल्याच्या खणात टाकले, तर १२१ व्या दिवशी त्या मागवाल्याची बाजू कितीही खरी असली तरी ती ऐकली जाणार नाही. माल सडका होता, पैसे रोख दिले होते, हिशेबात एक पावती दोनदा धरली आहे, यातले काहीही तो कैफियतीत मांडू शकणार नाही. १८७५ च्या कुणब्याशी त्याचे नाते मला इथे दिसते. फरक एवढाच की, १८७९ च्या कायद्याने त्या कुणब्याला बोलवायला सांगितले होते.

साध्या दिवाणी दाव्यात मात्र कोर्टाचा अधिकार शाबूत आहे. २०२० च्या जानेवारीत ‘देश राज विरुद्ध बाळकिशन’ या निकालात ते पुन्हा स्पष्ट झाले. त्यानंतर दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि साऱ्या देशालाच एकदम ‘सबळ कारण’ मिळाले. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला गेला, आणि वाणिज्यिक दाव्यातले कडक १२० दिवसही त्यात धरायचे, असे २०२२ मध्ये ‘प्रकाश कॉर्पोरेट्स’ प्रकरणात ठरले. आपत्ती सगळ्यांवर एकदम आली की कायदा वाकतो. ती एकेकट्यावर आली तर त्याला अर्ज करावा लागतो.

अर्जात काय असते

आपल्याकडे कैफियत चुकते कशी, हे पाहिले तर बहुतेक गोष्टी समन्सापासून सुरू होतात. बेलीफ येतो, घर बंद असते, तो दारावर समन्स चिकटवून पंचांसमोर अहवाल लिहितो. लग्न होऊन परगावी गेलेली बहीण वाटणीच्या दाव्यात प्रतिवादी क्रमांक पाच असते. तिचा पत्ता माहेरचाच लिहिलेला असतो. पत्ता सापडत नाही म्हणून जाहीर समन्स वर्तमानपत्रात छापून येते, तेही तिच्या गावात न जाणाऱ्या वर्तमानपत्रात. म्हणून उशिराच्या अर्जात पहिला प्रश्न हाच: समन्स खरोखर कधी मिळाले, आणि सोबत दाव्याची प्रत होती का? मुदत मोजायची ती त्या दिवसापासून.

दुसरी नेहमीची वाट वकिलाच्या टेबलावरून जाते. दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असतो, निशाणी ५. सगळी धावपळ त्याच्यावर होते, त्याला म्हणणे दिले जाते, आणि मूळ दाव्याची कैफियत राहून जाते. निशाणी ५ चे म्हणणे हीच कैफियत समजावी, अशी पुरसीस वेळेत दिली गेली तर निभावते. नाही दिली, तर एके दिवशी ‘विना कैफियत’ आदेश होतो आणि पक्षकाराला ते महिन्यांनी कळते. १९८१ मध्ये ‘रफिक विरुद्ध मुन्शीलाल’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वकील नेमून निर्धास्त झालेल्या खेडुताला वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा देऊ नये. पण दरवेळी ‘वकिलाची चूक’ म्हणून चालत नाही. पक्षकार स्वतः काय करत होता, हेही विचारले जाते, आणि विचारले जाणे योग्यच आहे.

चांगला अर्ज छोटा असतो. उशीर किती दिवसांचा, कोणत्या काळात काय घडले, त्याचा कागद कुठे आहे. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, सातबारा किंवा फेरफार मिळायला वेळ लागला असेल तर नकलेच्या अर्जाची पोच. सोबत प्रतिज्ञापत्र. आणि मुख्य म्हणजे तयार कैफियत अर्जासोबतच जोडलेली. नुसती मुदत मागणाऱ्यावर न्यायाधीशाचा विश्वास बसत नाही. हातात कैफियत घेऊन आलेल्यावर बसू शकतो. मग समोरच्याला ‘से’ द्यायला सांगतात. तो ‘वेळकाढूपणा आहे’ असे लिहितो. न्यायाधीश दोन्ही बघून खर्चाच्या अटीवर अर्ज मंजूर करतात किंवा नामंजूर.

खर्चाच्या रकमेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अनेकदा ती पाचशे-हजार रुपयांची असते. यंत्रमागवाल्याला ती झेपते, आणि बहिणीचा हिस्सा दाबून बसलेल्या भावालाही ती झेपते, हीच तिची अडचण. रक्कम वादीच्या नुकसानीशी जोडली, तर मुदतवाढीचा दुरुपयोग बराच आटोक्यात येईल आणि खऱ्या गरजूसाठी दार उघडे ठेवायलाही कोर्टाला संकोच वाटणार नाही. कैलाश प्रकरणानेच खर्चाचा मार्ग दाखवला आहे.

आणि अर्ज नामंजूर झालाच, तर सगळे संपले असे समजून घरी बसणारे खूप आहेत. तसे नाही. १९९९ च्या ‘बलराज तनेजा’ निकालाने सांगितले आहे की, कैफियत नाही म्हणून कोर्टाने डोळे झाकून दावा मंजूर करायचा नसतो. दाव्यातच शंकेची जागा असेल तर वादीला पुरावा द्यायला लावता येते. १९८८ च्या ‘मॉड्युला इंडिया’ प्रकरणानुसार, जिचा बचाव काढून टाकला आहे अशी व्यक्तीसुद्धा वादीची आणि त्याच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ शकते, वादीचे म्हणणे त्याच्याच पुराव्याने टिकत नाही असा युक्तिवाद करू शकते. स्वतःची वेगळी कहाणी सांगता येत नाही, स्वतःचा पुरावा देता येत नाही, पण समोरच्याच्या कहाणीतली भोके दाखवता येतात. त्यासाठी तारखेला कोर्टात हजर राहावे लागते.